टॅनरी रोडचं डावं वळण

बस नदीकाठचा रस्ता सोडून डावीकडे पुलावर वळली आणि वेंडेल कुबाकीचा उजवा खांदा शेजारच्या बाईंच्या खांद्यावर जाऊन टेकला. नुसता टेकला नाही, चांगला दाबला गेला. बाईंच्या मांडीवरचा डबा खिडकीकडे सरकला. "माफ करा," तो म्हणाला. "तुम्ही काय करणार? वळणानं ढकललं," बाई म्हणाल्या आणि डबा परत ओढून घेऊन त्यांनी डोळे मिटले. एरवी वेंडेल गप्प बसला नसता. बावीस वर्षं त्यानं भेटेल त्याला हे समजावून सांगितलं होतं. लग्नाच्या जेवणांत सांगितलं, न्हाव्याच्या खुर्चीत सांगितलं, एकदा तर दाताच्या डॉक्टरला, स्वतःच्या तोंडात कापसाचे बोळे असताना. की बाबांनो, वळण कोणाला ढकलत नाही. तुमचं अंग बिचारं सरळच निघालेलं असतं. गाडीला रस्ता आत ओढतो, गाडी तुम्हाला आत ओढते, आणि तुम्ही म्हणता मला बाहेर फेकलं. लोक माना डोलवायचे आणि पुढच्याच वळणावर दाराला चिकटून म्हणायचे, फेकलं बघ. आज मात्र त्यानं आपल्या हाताकडे पाहिलं. त्याचा डावा हात समोरच्या दांडीवर घट्ट आवळलेला होता आणि बस वळायच्या बराच आधीपासून तो तसाच होता, हे त्याला आत्ता दिसलं. तळवा ओला झाला होता. त्यानं तो पँटला पुसला, आणि पूल संपता संपता हात पुन्हा आपल्या आपण दांडीवर गेला.

दहा वाजता त्याला मर्चंट स्ट्रीटवरच्या वकिलांच्या कचेरीत जबानी द्यायची होती. शपथेवर. एलरीसारख्या लहान शहरात अशी गोष्ट लपून राहत नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीवालीनंसुद्धा आज त्याला पाव देताना नको तितकं हसून दाखवलं होतं. पाच आठवडे झाले, त्यानं गाडी चालवली नव्हती. नोरीनला सांगितलं होतं की पाठ धरलीय. नोरीननं पहिल्या दिवशी पाठीला मलम चोळून दिलं, दुसऱ्या दिवशी चोळलं नाही आणि तिसऱ्या दिवसापासून पाठीचं नावच काढलं नाही. एकतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याची पाठ कुठं दुखते हे बायकोला कळतं. आज सकाळी दाराशी तिनं त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली आणि म्हणाली, "विचारतील तेवढंच सांगायचं म्हणे ना?" तो म्हणाला, "हो, तसंच सांगितलंय." "मग झालं तर," ती म्हणाली, आणि कॉलर सोडायला तिला उगाच वेळ लागला.

वळणावर पिवळी पाटी असते. वर वाकडा बाण, खाली आकडा. लोकांना वाटतं, कुठंतरी वरच्या मजल्यावर एखादा इंजिनियर आकडेमोड करून तो आकडा काढत असेल. काढायला काढतातही. पण या काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, जुन्या, डोंगरातून घोडागाड्यांच्या वाटांवर पडलेल्या रस्त्यांचे नकाशे कोणाकडे धड नव्हते, आणि म्हणून आकडा काढायचे ते रस्ते खात्यातले वेंडेल आणि एमेट टॉलिव्हर. दोघं एका जुन्या सरकारी गाडीत. समोरच्या काचेखाली एक काचेची नळी बसवलेली, हसऱ्या तोंडासारखी वाकलेली, आत तेल आणि तेलात एक काळी गोटी. गाडी सरळ असली की गोटी मधोमध, शून्यावर. गाडी वळली की गोटी बाहेरच्या अंगाला चढते, अंश दाखवते. ताशी पस्तीस मैलांनी वळण घ्यायचं, गोटी किती चढली ते लिहायचं. मग चाळीसनं. मग पंचेचाळीसनं. गोटी बाराच्या वर गेली की थांबायचं, आणि त्याच्या आधीचा वेग पाटीवर. वेंडेल गाडी चालवायचा, एमेट गोटी वाचायचा आणि ओरडायचा. "नऊ! साडेनऊ! अरे, जरा माणसासारखा चालव, बायकोनं सकाळी अंडी घातलीयत पोटात!" त्याचं पोट म्हणजे काही साधं प्रकरण नव्हतं. एमेट एकशे तीस किलोचा गडी. तो गाडीत बसला की गाडी उजवीकडे कलायची आणि करकरायची, आणि वेंडेल, जो ओल्या कोटासकट सत्तर किलोसुद्धा भरत नसे, म्हणायचा, "माझ्या बाजूचं चाक जमिनीला लागलंय का बघ रे." म्हणूनच नियम होता. नळी शून्यावर आणायची ती दोघं आपापल्या जागी बसल्यावर, सपाट जागेवर. ते दोघं त्यासाठी सेंट हेडविग चर्चचं आवार वापरायचे. तिथं गाडी उभी करून एमेट स्क्रू पिळायचा, गोटी मधोमध यायची, आणि मग तो गोटीला टोपी काढून नमस्कार करायचा. त्या काळात दोघांना हसायला एवढं पुरायचं.

बसमध्ये उकडत होतं. नोव्हेंबर असून ड्रायव्हरनं हीटर लावून आत मे महिना करून ठेवला होता. वेंडेलला वाटलं, कोट काढावा, पण कोट काढायला दांडी सोडायला हवी होती. तळ्याच्या बाजूनं बस गेली. तळं अजून गोठलं नव्हतं, काठावर नुसता पापुद्रा आला होता, आणि त्या पापुद्र्याकडे बघता बघता त्याला थिआ आठवली, त्याची धाकटी बहीण. लहानपणी दहा-बारा पोरं गोठलेल्या तळ्यावर हातात हात घालून ओळीनं घसरायची, आणि पुढचा मोठा मुलगा एकदम थांबून गर्रकन फिरायचा की सगळी ओळ त्याच्याभोवती फिरायची. आतल्याला नुसतं जागच्या जागी पावलं टाकायला लागायची आणि टोकाचा वाऱ्यासारखा जायचा. एकदा टोकाला थिआ होती, तिच्याआधी वेंडेल. हात खांद्यातून उपटेल असं वाटलं होतं. तिचा लोकरी हातमोजा त्याच्या मुठीत होता आणि त्याला हात दुखत होता, आणि त्यानं मूठ उघडली. निसटली नाही, त्यानं उघडली. थिआ बाहेर फेकली गेली नाही; ज्या क्षणी सुटली त्या क्षणी जिकडे तोंड होतं तिकडे, सरळ रेघेत, ओरडत गेली, आणि काठाच्या लाकडी ओंडक्यावर तिचा पुढचा दात पडला. घरी त्यानं सांगितलं की तिनंच हात सोडला. थिआनं कधी खोटं पाडलं नाही. ती आता ओरेगॉनमध्ये असते आणि नाताळला जर्दाळूचा मुरंबा पाठवते. वेंडेलला वाटलं, तिला एकदा फोन करायला हवा, मग वाटलं, आत्ता हे कुठलं काढून बसलो.

ती मोजणी तीन वर्षांमागच्या ऑगस्टमधली. दहा वळणं झाली होती, अकरावं टॅनरी रोडचं. डोंगरावरून खाली येणारा रस्ता, डावीकडे वळणारा, उजव्या हाताला ओढ्याची दरड. एमेट सकाळपासून गप्प होता, आणि एमेट गप्प असणं म्हणजे रेडिओ बिघडणं. दहाव्या वळणानंतर त्यानं दार उघडून रस्त्याच्या कडेला ओकारी काढली. मग कबूल केलं. दोन महिने झाले होते. वळण घेतलं की डोकं फिरायचं आणि गाडी थांबली तरी डोकं थांबत नसे. कानाच्या आत काहीतरी बिघडलंय म्हणे. "कोणाला बोलू नकोस," तो म्हणाला. "मला खुर्चीत बसवतील, वेंडेल. पाकिटं चिकटवायला लावतील. निवृत्तीला सात महिने राहिलेत, तेवढे काढू दे." मग टॅनरी रोडवर तो दगडी मोरीवर सावलीत बसला आणि म्हणाला, "तू जा एकटा. मी इथं बसून गाड्या मोजतो, म्हणजे मी कामावर आहे." हातरुमाल ओला करून त्यानं डोक्यावर घेतला होता. वेंडेल एकटा गेला. नळी पुन्हा शून्यावर आणायला हवी होती. एकशे तीस किलो उजवीकडून उतरल्यावर ती गाडी काय तशीच राहणार होती? पण चर्च दोन मैल मागं होतं आणि ऊन असं होतं की डांबर टायरला चिकटत होतं.

विसरलो, असं त्यानं स्वतःला बरेच दिवस सांगून बघितलं. विसरणं माणसाला शोभतं. पण तो विसरला नव्हता, इथंच घोडं पेंड खात होतं. पहिल्या फेरीनंतर तो वळणाच्या वरच्या सपाट तुकड्यावर थांबला होता, आणि गोटी मधोमध नव्हती. दोन रेघा, म्हणजे दोन अंश, डावीकडे होती. त्यानं पाहिलं. नखानं काचेवर टिचकी मारली. गोटी हलली, आणि पुन्हा तिथंच आली. तो मनाशी म्हणाला, इथं रस्ताच कलता असेल. आणि गाडी वळवली. पस्तीसला सात, चाळीसला अकरा, पंचेचाळीसला पंधरा. अकरा बाराच्या आत. पाटीवर चाळीस. वर चढणाऱ्या बाजूनं गोटी दोन अंश जास्तच चढली असणार, तिकडे पस्तीस लागलं आणि कोणाचं काही बिघडलं नाही. खाली येणाऱ्या बाजूला अकरा म्हणजे खरे तेरा होते. दुपारी जेवायला बसल्यावर एमेटनं सॉसचा डाग पडू न देता कागदावर 'वाचणारा' या शब्दापुढे सही केली, जशी तो नेहमी करायचा, आणि निम्मं सँडविच वेंडेलच्या ताटात सरकवलं.

पाच मैलांनी कोणी मरत नाही, असं काउंटीच्या वकील मिस ग्रीअर म्हणाल्या होत्या. त्यांना गोटीचं ठाऊक नव्हतं. त्या पाट्यांबद्दल एकूणच बोलत होत्या, पेन्सिलीनं टेबलावर ठोकत. वेंडेलही ते मान्य करत होता. बारा अंश म्हणजे काही गाडी उलटण्याची हद्द नव्हे, पोटातल्या अंड्यांची हद्द. पण तो अंथरुणात पडल्या पडल्या, भांडी पुसताना, दाढी करताना तेच गणित करत होता. पस्तीसचे चाळीस म्हणजे वेग सातव्या हिश्श्यानं वाढला, पण वळणात धरून ठेवायला लागणारी ओढ जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं वाढते. ती ओढ द्यायची कोणी? चार टायरांनी, तळव्याएवढ्या चार जागांनी. आणि ऑक्टोबरात रस्त्यावर ओली मेपलची पानं असतात. टेसा व्रॅबेल एकोणीस वर्षांची होती, दुपारी बेकरीतून त्याच उतारानं गाडी घेऊन घरी चालली होती. गाडीतल्या यंत्रात शेवटचा वेग नोंदला होता, एकेचाळीस. वर्तमानपत्रात आलं होतं की वळणानं गाडी ओढ्यात फेकली. वेंडेलनं ते वाक्य वाचून पेपर उलटा ठेवला. फेकलं नव्हतं. ती सरळ गेली होती. वळणाला तिला धरून ठेवता आलं नव्हतं.

टेसाच्या घरच्यांनी काउंटीवर दावा लावला होता, आणि काउंटीचं म्हणणं सोपं होतं. पाटी नियमानं मोजून लावलेली. त्या वेगानं हजारो लोक रोज सुखरूप जातात. तेव्हा पोरीनंच काहीतरी केलं असणार. फोनकडे बघितलं असेल, डुलकी लागली असेल, उगाच ब्रेक दाबला असेल. आणि हे म्हणणं त्या घरात शिरलं होतं. नोरीनला चर्चमध्ये कळलं होतं की टेसाची आई आता माहेरी बहिणीकडे राहते. तिनं म्हणे नवऱ्याला तोंडावर विचारलं, तू माझ्या पोरीला असं कसलं गाडी चालवायला शिकवलंस? आणि डेल व्रॅबेल, छपरं दुरुस्त करणारा, बडबडा माणूस, शिडी उचलून कामाला निघून गेला. नोरीन हे सांगत होती तेव्हा वेंडेल बटाटे सोलत होता. बटाटा सोलून झाला तरी तो सोलतच राहिला, आणि नोरीननं त्याच्या हातातून तो काढून घेतला.

रविवारी तो एमेटकडे गेला होता. बसनं. एमेट निम्मा झाला होता. खुर्चीत बसला तरी खुर्ची करकरत नव्हती. भिंतीवर निवृत्तीच्या दिवशीचा फोटो होता, खाली पितळी पट्टीवर 'तीस वर्षं, एकही खोटा कागद नाही' असं खात्यानं कोरून दिलेलं. वेंडेलची नजर सारखी त्या पट्टीवर जात होती. "बघू नकोस तिकडे," एमेट म्हणाला. "पॉलिश मी करतो, मला पाठ आहे ते."

"मी बोललो तर तुझी ती सही उघडी पडेल, एमेट. पेन्शनवरही गदा येईल."

"येईल."

"आणि तुझं नाव..."

"ऐक, लेका," एमेट म्हणाला. त्याला वाक्य पुरं करायला दम घ्यावा लागत होता. "बोलायचं तर बोल. नाही तर मिठाची गुळणी धरून बस, तुझं तोंड आहे. पण एमेटसाठी गप्प बसलो असं पुन्हा मला ऐकवायला येऊ नकोस. तेवढं वजन आता माझ्यात राहिलेलं नाही."

मग त्यानं विचारलं, गोटी खरंच दोन रेघा होती का? वेंडेल म्हणाला, दोन. एमेटनं खिडकीकडे मान वळवली. "मी मोरीवर बसून एकतीस गाड्या मोजल्या होत्या त्या दिवशी," तो म्हणाला. "कशाला मोजल्या कोण जाणे." निरोप घेताना त्यानं हात पुढे केला, आणि वेंडेलला तो हात सोडवेना.

मर्चंट स्ट्रीट आला. वेंडेल उतरला, जिना चढला. खोलीत लांब टेबल, पाण्याचा जग, जबानी टिपून घेणारी एक पोक्त बाई, बोटं यंत्रावर ठेवून वाट बघणारी. मिस ग्रीअरनी त्याच्या कानाशी पुन्हा सांगितलं, "विचारतील तेवढंच. बरं का?" समोर व्रॅबेलांचा वकील ओसबोर्न, तरुण, तयारी करून आलेला, आणि त्याच्या शेजारी डेल व्रॅबेल. वेंडेलनं त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं, म्हणून त्याला हातच दिसले. रुंद हात, नखांत डांबर, दोन्ही टेबलावर पालथे ठेवलेले. वेंडेलनं शपथ घेतली. आवाज नेहमीचा निघाला, याचंच त्याला नवल वाटलं.

"मोजणीआधी नळी शून्यावर आणली होती?" ओसबोर्ननं विचारलं.

"हो."

"सपाट जागेवर? नियमाप्रमाणे, दोघंही गाडीत बसलेले असताना?"

"हो. सेंट हेडविग चर्चच्या आवारात. दोघंही बसलो होतो." शब्दन्‌शब्द खरा होता. यंत्र टकटकलं आणि शांत झालं.

"या कागदावरच्या सह्या कोणाच्या?"

"चालवणारा म्हणून माझी. वाचणारा म्हणून एमेट टॉलिव्हरची."

"खाली येणाऱ्या बाजूला, चाळीसला, गोटी किती होती?"

"अकरा."

हेही खरं. ओसबोर्ननं पान उलटलं, अजून एक उलटलं. त्यानं सगळी नियमावली वाचली होती हे दिसत होतं. ती कोणीही वाचली असती. पण अकराव्या वळणावर शेजारच्या खुर्चीत कोण होतं, हा प्रश्न विचारायला त्या गाडीत बसलेलं असावं लागतं. वेंडेलच्या सर्वांगाला एक प्रकारची सैल गुंगी आली. संपलं की. इतकं सोपं होतं. कोणी काही केलं नाही, कोणी खोटं बोललं नाही, आणि ती पोर आता कायमची निष्काळजी ठरणार होती. मिस ग्रीअरनी पेनाला टोपण लावलं.

"माझं झालं," ओसबोर्न म्हणाला. मग सवयीनं, वर न बघता, "यात काही बदलायचं, जोडायचं आहे, मिस्टर कुबाकी?"

"नाही," मिस ग्रीअर म्हणाल्या.

"आहे," वेंडेल म्हणाला. "टॅनरी रोडवर एमेट गाडीत नव्हता."

"मिस्टर कुबाकी, आपण जरा बाहेर..."

"त्याला चक्कर येत होती. मी त्याला उतरवलं आणि एकटा गेलो. नळी पुन्हा शून्यावर आणली नाही. गोटी दोन अंश कमी दाखवत होती. मला दिसलं होतं. दिसलं आणि मी पुढे गेलो." बाईंच्या बोटांचा आवाज त्याच्या मागोमाग येत होता, आणि तो थांबला की थांबत होता. "ती अकरा नाही, तेरा होती. तिथं पस्तीसची पाटी हवी होती. लिहा तसं. सही एमेटची आहे, पण दोष माझा आहे, तेही लिहा."

मिस ग्रीअरनी डोळे मिटून घेतले. ओसबोर्न कागदांत काहीतरी शोधायला लागला आणि त्याला ते सापडेना. व्रॅबेलचे हात मात्र टेबलावर तसेच होते. आता वेंडेलला वर बघावंच लागलं. त्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं; वेंडेल रागाची तयारी करून आला होता.

"म्हणजे तिनं पाटी पाळली," व्रॅबेल हळूच म्हणाला.

"हो. एका मैलाचा काय तो फरक. तिनं बरोबरच केलं होतं, मिस्टर व्रॅबेल."

व्रॅबेलनं मान हलवली, एकदा, दोनदा, हिशेब जुळल्यासारखी. वेंडेलला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि बायकोला फोन करायला जाईल. तो उठला नाही.

"ती घाबरायची त्या उतारावर," तो म्हणाला. "पंचवीसच्या वर जायचीच नाही. मागचे हॉर्न वाजवायचे. मीच तिला सांगितलं, पोरी, पाटीवर लिहिलंय ना, तेवढ्यानं जा. ज्यांनी लावलीय त्यांनी मोजून लावलीय."